सांभाळलेल्या लेकराचा वाटा

महाराष्ट्रात शाळेचा प्रवेश-अर्ज भरताना मुलाच्या नावासाठी ठरलेले रकाने असतात : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासनाने त्यात आईचं नावही आणलं, ते फार बरं झालं. पण ज्या मुलाला जन्मदात्यांऐवजी दुसऱ्याच कुणी वाढवलं आहे, त्याचा अर्ज वडिलांच्या रकान्यापाशी येऊन अडतो. सांभाळणारा हिंदू असेल आणि त्याने रीतसर दत्तक घेतलं असेल, तर तिथे त्याचं नाव येतं. सांभाळणारा मुसलमान असेल तर पुष्कळदा तो स्वतःच सांगतो, "पोरगा माझाच आहे, पण नाव त्याच्या अब्बांचंच लिहा." समोरच्या कारकुनाला हे विचित्र वाटतं. जेवूखाऊ घालणारा, तापात रात्र काढणारा माणूस आपलं नाव द्यायला का कचरतो? मुलाची ओळख कुणालाही पुसता येणार नाही, हा चौदाशे वर्षांपूर्वीचा दंडक त्याच्या त्या एका वाक्यामागे उभा असतो.

सातव्या शतकातल्या अरबस्तानात परक्याच्या मुलाला आपला मुलगा म्हणून घरात घेण्याची चाल होती. मुहंमद पैगंबरांनीही झैद इब्न हारिसा याला मुलगा मानलं होतं. झैद लहानपणी लुटारूंच्या हाती सापडून गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याचे वडील शोध घेत मक्केला पोचले तेव्हा पैगंबरांनी निवड झैदवरच सोपवली आणि झैदने त्यांच्याजवळ राहणं पसंत केलं. लोक त्याला झैद इब्न मुहंमद म्हणू लागले. पुढे मदिनेत सूरह अहजाबच्या चौथ्या-पाचव्या आयती आल्या. त्यांचा आशय असा, की तोंडाने मुलगा म्हटल्याने कुणी पोटचा होत नाही. अशा मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा, आणि बाप ठाऊक नसेल तर त्यांना आपले धर्मबंधू माना. झैद पुन्हा झैद इब्न हारिसा झाला.

एवढ्यावरून आपल्याकडे एक वाक्य रूढ झालं : इस्लामला दत्तक मान्य नाही. वाक्य खरं आहे, पण तिथेच थांबलं की निम्मी गोष्ट हातातून निसटते. पैगंबर स्वतः अनाथ होते. वडील त्यांच्या जन्माआधी गेले, आई ते सहा वर्षांचे असताना गेली. आधी आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि नंतर काका अबू तालिब यांनी त्यांना वाढवलं. त्याआधी तान्हेपणी हलीमा या बेदुइन बाईने त्यांना अंगावर पाजलं. अनाथांबद्दल कुराणात वारंवार आणि अतिशय कडक शब्दांत सांगितलं आहे. सूरह निसाच्या सुरुवातीलाच अनाथांचा माल त्यांना परत करा, त्यांच्या चांगल्या वस्तू घेऊन वाईट देऊ नका, असं बजावलं आहे. पुढे त्यांचा पैसा खाणारे पोटात आग भरतात, इथपर्यंत ते जातं. अनाथाचा सांभाळ करणाऱ्याला ‘कफील’ म्हणतात आणि त्या सांभाळाला ‘कफाला’. मरियमचा सांभाळ झकरिया यांनी केला, तिथे कुराणात याच धातूचा शब्द येतो.

फिक्ह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, आणखी बारकाव्यात शिरतं. रस्त्यात टाकलेल्या मुलाला तिथे ‘लकीत’ म्हणतात. उचललं नाही तर मूल दगावेल अशी स्थिती असेल, तर त्याला उचलणं हे पाहणाऱ्याचं कर्तव्य ठरतं. गुलामगिरीच्या काळात लिहिलेल्या या ग्रंथांनी असं मूल स्वतंत्र माणूस आहे, असंच गृहीत धरलं. त्याच्या दुपट्यात पैसे सापडले तर ते त्याचेच, आणि काही नसेल तर खर्च बैतुलमालचा, म्हणजे सार्वजनिक खजिन्याचा. त्या काळातल्या कायद्याने टाकलेल्या मुलाचा इतका विचार करावा, याचं मला फार मोल वाटतं.

याच्या शेजारी आपल्या मनातलं दत्तक ठेवून पाहा. मराठी माणसाला दत्तक म्हटलं की झाशी आठवते, सातारा आठवतो. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी खालसा केलं, १८५४ मध्ये झाशीचं. गादीला वारस हवा, पिंड द्यायला मुलगा हवा, इस्टेट सांभाळायला कुणी हवं, ही दत्तकाची जुनी कारणं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांसारखा राजा त्या वाटेने आपल्याला लाभला, हेही खरं. पण त्या साऱ्या व्यवहारात गरज घराण्याची होती. मुलाला घर हवं म्हणून कुणी दत्तविधान करत नव्हतं. कफाल्याची सुरुवात मुलाच्या गरजेपासून होते, दत्तकाची झाली ती मोठ्यांच्या गरजेपासून. आधुनिक नागरी कायद्याला ही दिशा बदलायला खूप काळ लागला, आणि माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे. आपण नेहमी मोठ्यांच्या हक्काबद्दल भांडलो. मुलाला काय मिळतं, हा प्रश्न त्या भांडणात मागे राहिला.

भारतातला हा वाद किती जुना आहे ते थोडक्यात सांगतो. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी स्पष्ट केलं, की हिंदू कायद्यासारखं दत्तक मुस्लिम कायद्यात नाही. १९३७च्या शरियत कायद्याने एक बारीक फट मात्र ठेवली. विवाह, तलाक आणि शेतजमीन सोडून इतर वारसा या गोष्टींना शरियत सरसकट लागू झाली. दत्तक आणि मृत्युपत्राबाबत ज्याने तसं लेखी जाहीर केलं, त्यालाच ती लागू. म्हणजे रूढीने दत्तक घेणारे मुस्लिम समूह देशात होते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. पुढे १९७२ मध्ये सर्वधर्मीयांसाठी दत्तक विधेयक राज्यसभेत आलं, तेव्हा मोठा विरोध झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत मुस्लिम पर्सनल लॉ परिषद भरली आणि पुढच्या वर्षी हैदराबादला ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झालं. म्हणजे आज देशभर माहीत असलेल्या त्या संस्थेच्या जन्मामागे अनाथ मुलांचं विधेयक हे एक मोठं निमित्त होतं. विधेयक १९७८ मध्ये मागे घेतलं गेलं. १९८० मध्ये मुस्लिमांना वगळून नवं आणलं, तेही तडीस गेलं नाही.

तोवर मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना एकच वाट होती : १८९०चा पालक व पाल्य अधिनियम. त्याखाली जिल्हा न्यायालय तुम्हाला मुलाचे पालक नेमतं. नातं मूल अठराचं झालं की संपतं. वारसाहक्क नाही. कागदावर तुम्ही त्याच्या मालमत्तेचे राखणदार, बस्स. मुंबई उच्च न्यायालयाने २००० साली एका ख्रिस्ती जोडप्याच्या प्रकरणात ही कोंडी फोडली. न्यायमूर्ती रिबेलो यांनी अनाथ, टाकलेल्या मुलाचा दत्तक जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मांडलं. हक्क मुलाचा, ही त्या निकालातली मोलाची गोष्ट. त्याच सुमारास बाल न्याय अधिनियम, २००० आला, २००६ मध्ये त्यात दत्तकाची नीट व्याख्या झाली आणि धर्म न पाहता कुणालाही दत्तक घेता येईल असा रस्ता खुला झाला. सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी निकाल दिला : हा कायदा ऐच्छिक आहे, ज्याला त्याखाली दत्तक घ्यायचं आहे त्याला वैयक्तिक कायदा आडवा येणार नाही, आणि ज्याला नको त्याच्यावर सक्ती नाही. पर्सनल लॉ बोर्डाने त्या सुनावणीत कफाल्याचीच बाजू मांडली होती. दत्तक हा मूलभूत हक्क असल्याचं जाहीर करायला मात्र न्यायालयाने नकार दिला.

वर्तमानपत्रांत त्या निकालाची मोठी बातमी झाली. माझं लक्ष मात्र बाल न्याय अधिनियमाच्या दुसऱ्या एका कलमाकडे जातं, ज्याची बातमी सहसा होत नाही. २०००च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१५च्या अधिनियमाचं ४४वं कलम प्रतिपालकत्वाचं आहे. इंग्रजीत ज्याला फॉस्टर केअर म्हणतात, तेच. यात मूल तुमच्या घरी राहतं, पण तुमचं होत नाही. त्याचं नाव बदलत नाही. जन्मदात्यांशी नातं तुटत नाही; बाल कल्याण समितीला मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं नाही तर त्यांना भेटायला येता येतं, आणि परिस्थिती सुधारली तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. भावंडांची ताटातूट होऊ नये यासाठी सर्व प्रयत्न करायचे, असं कलमातच लिहिलं आहे. शिक्षण, आरोग्य, आहार यांची जबाबदारी प्रतिपालक कुटुंबाची. त्यासाठी शासनाने दरमहा पैसे द्यायचे. आणि समितीने दर महिन्याला घरी जाऊन मूल कसं आहे ते पाहायचं.

आता हे सगळं कफाल्याशी ताडून पाहा. नाव मुलाचंच, नसब, म्हणजे वंशाची ओळख, मुलाची, माल मुलाचा, सांभाळ आपला. नागरी कायद्याने वर देखरेखीची भर घातली, जी कफाल्यात प्रत्येक ठिकाणी नव्हती आणि जी हवीच. ज्या जागी दोन्ही कायद्यांचं भांडणच नाही, अशी ही जागा आहे. कुणा मौलानाला इथे आक्षेप घ्यायला काही उरत नाही, कुणा सुधारकालाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेने तर विसाव्या अनुच्छेदात पर्यायी संगोपनाचे प्रकार सांगताना प्रतिपालकत्व, इस्लामी कायद्यातला कफाला आणि दत्तक यांची नावं एका ओळीत घेतली आहेत. भारत डिसेंबर १९९२ मध्ये या संहितेत सामील झाला. आणि तरीही आपल्याकडे अनाथ मूल म्हटलं की हिंदूंच्या डोळ्यांपुढे अनाथाश्रम येतो आणि मुसलमानांच्या डोळ्यांपुढे यतीमखाना. जकातीचा आणि सदक्याचा पैसा रमजानमध्ये यतीमखान्यांकडे वाहतो. इमारती होतात, पलंग येतात, पंखे लागतात. देणाऱ्यांच्या नेकीबद्दल मला शंका नाही. पण कफाला घरात होतो, वसतिगृहात नाही. जो पैसा एका इमारतीवर जातो त्यातून कितीतरी घरांना एकेक मूल सांभाळायला हातभार लागेल, आणि त्याला शरियतचाही आधार आहे आणि बाल न्याय अधिनियमाचाही.

महाराष्ट्राची बालसंगोपन योजना या दिशेचंच पाऊल आहे. दरमहा ४२५ रुपयांवरून ही रक्कम ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० रुपये झाली; आता योजनेला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्वासाठी महिना ४००० रुपये आहेत. हा लाभ घेणारी बहुतेक मुलं एकट्या आईजवळ, आजीजवळ, मामाकडे राहतात. अर्जासोबत आई-वडिलांचा मृत्युदाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, मुलाचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक एवढं जमवायचं असतं, आणि साठी उलटलेल्या आजीला यातला एकेक कागद म्हणजे तालुक्याची एकेक फेरी. नात्याबाहेरच्या घराने मूल सांभाळायला घेतलं, अशी उदाहरणं फार थोडी. केंद्राने २०२४ मध्ये प्रतिपालकत्वाची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. आता एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येतं, आणि दोन वर्षं सांभाळल्यावर हवं तर त्याच मुलाच्या दत्तकासाठी अर्ज करता येतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. मुस्लिम कुटुंबाला हवा तो पर्याय निवडायला जागा आहे : दत्तकापर्यंत जा, किंवा सांभाळापाशी थांबा.

दर महिन्याची ती गृहभेट कशी होते, यावर मात्र सगळं अवलंबून असतं. चांगली समाजसेविका अहवालाच्या चौकटी भरण्याआधी घरात नजर फिरवते. मूल झोपतं कुठे, इतर मुलांबरोबर की ओट्याशेजारी? त्याचं दप्तर आणि घरातल्या मुलांची दप्तरं सारखी आहेत का? बाहेरून आलेल्या बाईला पाणी कोण आणून देतं? दर खेपेला तेच मूल उठत असेल, तर ते घरात लेकरू म्हणून आहे की कामाला, हे तिला तिथेच कळतं. आपल्याकडे ‘सांभाळायला आणलं’ या शब्दांआड कितीतरी मुलींचं बालपण भांडी घासण्यात गेलं आहे. सर्व धर्मांच्या घरांत गेलं आहे. त्यामुळे देखरेख नको, आमच्या समाजाचं आम्ही पाहू, हा युक्तिवाद मला कुणाच्याही तोंडून मान्य नाही.

आता वाट्याचा प्रश्न. इथे दोन कायदे खरोखर वेगळ्या दिशांना जातात, आणि इथेच सांभाळलेल्या मुलांची सर्वांत जास्त कुचंबणा होते. बाल न्याय अधिनियमाखाली दत्तक गेलेलं मूल वारशासह सर्व बाबतींत दत्तक आई-वडिलांचं होतं. कफाल्यातल्या मुलाला सांभाळणाऱ्याच्या मालमत्तेत आपसूक वाटा नाही. पण शरियतने दोन दरवाजे उघडे ठेवले आहेत. एक वसीयत, म्हणजे मृत्युपत्र : कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंत, वारस नसलेल्या कुणालाही देता येतं. दुसरा हिबा, म्हणजे हयातीतलं बक्षीस. त्याला मर्यादाच नाही. फक्त देणाऱ्याने जाहीर केलं पाहिजे, घेणाऱ्याने किंवा त्याच्या पालकाने स्वीकारलं पाहिजे आणि ताबा प्रत्यक्ष दिला पाहिजे. पुष्कळ हिबे या ताब्यापाशीच कोर्टात फसतात, कारण कागद केला जातो आणि भाडं मात्र देणाराच घेत राहतो.

सांभाळलेलं मूल परकंच असतं असं नाही. नातवंडांचं उदाहरण घ्या. समजा, राजापूरकडच्या एका वाडीत आजोबांना तीन मुलगे. त्यांतला एक समुद्रात गेला, त्याची दोन लहान मुलं आजोबांनी वाढवली. आजोबांची घरदार-जमीन मिळून चोवीस लाखांची. ते वारले, की मुस्लिम वारसा कायद्याने हयात असलेले दोन मुलगे वारस ठरतात आणि मेलेल्या मुलाची मुलं वगळली जातात. जवळचा वारस दूरच्याला अडवतो, हा नियम. ज्या घरात ती वाढली त्यातली एक वीटही त्यांची नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात अशी नातवंडं पहिल्या वर्गाची वारस असतात. आजोबांनी डोळे मिटण्याआधी वसीयत केली असती, तर आठ लाखांपर्यंत त्यांना देता आले असते, आणि हिब्याने तर कितीही. पण वसीयत करणं म्हणजे मरणाची भाषा, असं समजून माणसं टाळतात.

मुस्लिम देशांनी या जागी हात घातला आहे. इजिप्तने १९४६ मध्ये सक्तीच्या वसीयतीचा नियम केला : आजोबांनी वसीयत केली नसेल तरी ती केली आहे असं धरून एक-तृतीयांशाच्या मर्यादेत नातवंडांचा वाटा काढायचा. पाकिस्तानने १९६१च्या अध्यादेशात नातवंडांना थेट बापाच्या जागी उभं केलं. इंडोनेशियाने १९९१च्या इस्लामी कायद्याच्या संकलनात आणखी एक पाऊल टाकलं आणि सांभाळलेल्या मुलालाही एक-तृतीयांशापर्यंत अशी सक्तीची वसीयत दिली. यांतल्या इजिप्त आणि इंडोनेशियाने शरियत मोडली नाही; तिच्यातलीच वसीयत घेऊन मुलासाठी वापरली. भारतात देशपातळीवर यातलं काहीच झालेलं नाही. पर्सनल लॉ बोर्डाने आणि संसदेने इतकी वर्षं दत्तकावर जेवढे शब्द खर्च केले, त्यातले थोडे या नातवंडांसाठी खर्च केले असते तर हजारो आज्यांच्या घरांतली मुलं सुरक्षित झाली असती. गोव्यात गोष्ट निराळी. तिथे १९३७चा शरियत कायदा लागूच झाला नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याच्या परंपरेत मुलांसाठी अर्धी मालमत्ता राखीव असते आणि उरलेली अर्धी मृत्युपत्राने हव्या त्याला देता येते. गोव्यातला मुसलमान सांभाळलेल्या मुलाला अर्ध्यापर्यंत देऊ शकतो.

घरात वाढणाऱ्या मुलीच्या बाबतीत एक वेगळाच पेच असतो, आणि बाहेरच्या लोकांना तो कळत नाही. ती वयात आली की सांभाळणारा पुरुष तिच्यासाठी नामहरम, म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकतं असा, ठरतो. पडद्याचे नियम लागू होतात. यावर शरियतचं उत्तर दुधाच्या नात्याचं आहे. दोन वर्षांच्या आत ज्या बाईने मुलाला अंगावर पाजलं, ती त्याची दूधआई, तिचा नवरा दूधबाप, तिची मुलं दूधभावंडं, आणि त्यांच्यात लग्न कायमचं निषिद्ध. हनफी पंथात एकदा पाजलं तरी नातं जुळतं, शाफई पंथात पाच वेळा पाजावं लागतं. महाराष्ट्रात हा फरक पुस्तकी नाही, कारण कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि घाटावरचे बहुतेक हनफी. तान्हं मूल सांभाळायला घेतलं की, मुलगा असेल तर कफील बाईची आणि मुलगी असेल तर तिच्या नवऱ्याची बहीण किंवा भावजय त्याला पाजते आणि मूल घरात मोकळेपणाने वावरू शकतं. काही बायका औषधोपचाराने दूध आणवून स्वतःच पाजतात. वारसाहक्क यातून मिळत नाही, पण घरातली आपली जागा मिळते, आणि मुलीसाठी ती फार मोठी असते. मोठ्या वयात आलेल्या मुलांना हा मार्ग नसतो. प्रतिपालकत्वात येणारी मुलं तर बहुतेक सहा वर्षांच्या पुढचीच असतात. त्यामुळे अशा घरात मुलगी देताना झोपण्याची खोली, न्हाणीघराची कडी, घरात सतत एखादी बाई आहे की नाही, या गोष्टी समितीने आधीच पाहाव्यात. शरियतमधला संकोच आणि बाल संरक्षणाचे नियम इथे एकाच जागी येऊन मिळतात.

बाहेरच्या देशांचं थोडं सांगतो. ट्युनिशियाने १९५८ मध्येच कायदा करून पूर्ण दत्तक मान्य केलं. अल्जीरियाने १९८४च्या कुटुंब संहितेत कफाला बसवला आणि १९९२ मध्ये सांभाळलेल्या मुलाला कफीलचं आडनाव लावायची परवानगी दिली. शाळेत मुलाला रोज खुलासे द्यावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार. नसब तशीच राहते, फक्त आडनाव जुळतं. इंग्लंडने २००२च्या कायद्यात विशेष पालकत्व आणलं, तेव्हा धर्मामुळे दत्तक न घेऊ शकणारी कुटुंबंही सरकारच्या डोळ्यांपुढे होती. युरोपात मात्र अडचणी आल्या. फ्रान्समध्ये वाढणाऱ्या अल्जीरियन मुलीला तिथल्या कफील बाईला दत्तक घेता येईना, आणि २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फ्रान्सला दोषी धरलं नाही. २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने कफाल्यातलं मूल ‘अपत्य’ या व्याख्येत बसत नाही असं म्हटलं, पण कुटुंबातली इतर व्यक्ती म्हणून त्याच्या प्रवेशाचा विचार करायला लावला. व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला या फरकाची किंमत कळते.

मुलाला कुणी विचारतं का? मोरोक्कोच्या २००२च्या कफाला कायद्यात बारा वर्षांपुढच्या मुलाची संमती लागते. शाफई पंथात आई-बाप वेगळे झाले तर कळत्या वयाच्या, साधारण सातव्या वर्षाच्या मुलाला कुणाजवळ राहायचं ते निवडू देतात. हनफी पंथात तशी निवड नाही. आपल्या १८९०च्या कायद्यात मूल समजूतदार असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात ‘घेऊ शकतं’, म्हणजे घेतलंच पाहिजे असं नाही. बाल न्याय अधिनियमाने ऐकलं जाण्याचा मुलाचा हक्क मूलतत्त्वांमध्येच घातला. समितीसमोर मूल येतं तेव्हा प्रश्न कुठल्या भाषेत विचारला जातो, हे मी फार महत्त्वाचं मानतो. दखनी बोलणाऱ्या किंवा कोकणी मुसलमानी बोलीत वाढलेल्या मुलाला शुद्ध सरकारी मराठीत विचारलं की ते मान हलवतं, आणि कागदावर ‘मुलाची संमती आहे’ असं उमटतं.

आणि मग अठरावं वर्ष. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत याबद्दल जे आहे, ते आजच्या कुठल्याही न्यायाधीशाने वाचावं असं आहे. अनाथाची पारख करत राहा; तो जाणता झाला की त्याचा माल त्याच्या हवाली करा; तो मोठा होईल या घाईने आधीच उधळू नका; पालक सधन असेल तर त्याने मोबदला घेऊ नये, गरीब असेल तर वाजवी तेवढाच घ्यावा; आणि माल सुपूर्द करताना साक्षीदार ठेवा. १८९०च्या कायद्यातही पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाल्याची जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नाही, हिशेब द्यावा लागतो. दोन्ही कायद्यांची ही शिस्त सारखी आहे, आणि दोन्ही बाजूंनी सर्वांत जास्त मोडली जाते ती हीच. कोविडमध्ये आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांच्या नावावर राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, केंद्राची दहा लाखांची मदत तेविसाव्या वर्षी मिळायची आहे. मुलांच्या मालमत्तेवर लक्ष ठेवणं हे २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृती दलांचंही काम होतं. त्यांतली पुष्कळ मुलं आता अठराच्या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेली आहेत. बाल न्याय अधिनियमात बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय आहे, महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना एक टक्का आरक्षणही आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते अठराच्या आधी काढून ठेवलेलं बरं. नातेवाइकांच्या घरात वाढलेल्या मुलाला यातलं फारसं कुणी सांगत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अशा प्रत्येक मुलाच्या अठराव्या वाढदिवसाच्या आत एकदा सांभाळणाऱ्यांना आणि मुलाला समोरासमोर बसवावं, दोन साक्षीदार ठेवावेत, आणि वडिलांची विमा पॉलिसी, आईचे दागिने, बँकेची ठेव, जमिनीचा सातबारा यांचा हिशेब मुलाच्या सहीने पुरा करावा. याला नवा कायदा लागत नाही, आहे त्यातलंच हे काम आहे.